सुतार पक्षी आणि फळ्यांची भिंत : सोरेगावच्या घराच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२५ : पाहणी

सोलापूरच्या विजापूर रस्त्याला सोरेगावच्या पुढे, डाळिंबाच्या बागांना लागून असलेलं घर. बांधकाम विटांचं. पश्चिमेची भिंत आणि उत्तरेच्या भिंतीचा वरचा त्रिकोण बाहेरून पाइनच्या फळ्यांनी मढवलेला. फळ्या आडव्या, खाचेत बसणाऱ्या, १८ मिमी जाड. त्यांच्यामागे दर ६०० मिमीवर उभ्या रिपा, ३८ × २५ मिमी. पश्चिम भिंत ९ मीटर लांब, ३.२ मीटर उंच. डिसेंबरच्या मध्यापासून भोकं पडू लागली, आता रोज सकाळी टकटक ऐकू येते. (या नोंदींत सुतार म्हणजे पक्षी. लाकूडकाम करणाऱ्याला मिस्त्री म्हटलं आहे.)

पक्षी अडवायची जाळी आणायला निघण्याआधी भोकं मोजली. सुतार लाकडाला तीन कारणांनी चोच मारतो: आतली कीड खायला, आवाज काढून हद्द सांगायला, आणि राहायला पोकळी करायला. तिन्हींच्या खुणा वेगळ्या, उपायही वेगळे. या घराला तिन्ही प्रकार एकदम सापडले.

पश्चिम भिंतीवर ६१ टोचे. त्यांतले ५२ तीन उभ्या ओळींत, जणू ओळंबा धरून मारलेले. फूटपट्टी लावली तर या ओळी दक्षिण कोपऱ्यापासून मोजलेल्या चौथ्या, नवव्या आणि दहाव्या रिपेवर येतात. म्हणजे पक्ष्याला फळीत रस नाही, फळीमागच्या रिपेत आहे. टोच्यांच्या आजूबाजूला टाचणीच्या डोक्याएवढी, दीड मिमीची गोल छिद्रंही दिसली.

वळचणीखालच्या झालर-पट्टीत वेगळाच प्रकार. पट्टीच्या खालच्या कडेला १२-१३ मिमीची अगदी गोल भोकं, ड्रिलने पाडल्यासारखी. ती काळ्या भुंग्याची, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या मोठ्या मधमाशीची. तिचा बोगदा आत एखादं बोट जाऊन ९० अंशात वळतो आणि लाकडाच्या रेषेने चालतो. त्या बोगद्यावरची साल सुतारानं लांबट फाडून काढली आहे, एका जागी तर २८० मिमीपर्यंत.

उत्तरेच्या त्रिकोणात, आढ्यापासून ४०० मिमी खाली, एकच मोठं गोल भोक. व्यास ४७ मिमी, कडा आत गोलसर घासलेल्या. त्यामागे प्लायवूडपर्यंत १५० मिमी पोकळी आहे.

अंगणात छाटलेल्या लाकडांचा ढीग आहे. त्यात कडुलिंबाची मनगटापासून मांडीएवढी जाड होत गेलेली वाळकी फांदी, आणि तिच्यात जुनं भोक, ४६ मिमी. फांदी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडली होती. त्रिकोणातलं भोक त्यानंतरचं. पक्ष्याचं घर आधी झाडावर होतं, ते गेल्यावर त्याने जवळात जवळची पोकळ जागा शोधली.

११ जानेवारी : पक्षी ओळखला

पहाटे आणि संध्याकाळी, घरापासून २५ मीटरवरून पाहणी. पक्षी मैनेपेक्षा लहान, पाठ काळी-पांढरी ठिपकेदार, कपाळ आणि टाळू पिवळसर, पोटावर लाल डाग: मराठा सुतार. नराच्या डोक्यामागे लाल रंग असतो, या पक्ष्याला तो नाही, म्हणजे मादी. सूर्य मावळायच्या थोडं आधी ती त्रिकोणातल्या भोकात शिरली, एकटीच. सुतार विणीच्या हंगामाबाहेरही पोकळीत एकटा झोपतो. सध्या हे भोक झोपायचं आहे, अंड्यांचं नाही. हा फरक फार महत्त्वाचा, कारण या जातीची वीण साधारण फेब्रुवारीपासून सुरू होते. त्रिकोणाचं काम जानेवारीतच उरकायला हवं. एकदा अंडी पडली की पिल्लं उडेपर्यंत हात लावता येत नाही: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार पक्षी संरक्षित आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत पिल्लं असताना भोक बुजवणं हे काम कुणी करू नये.

नर झालरीवर आणि आढ्याच्या पत्र्यावर दिसला. आवाज दोन तऱ्हांचा. खाताना टक, टक-टक, टक, मध्येच थांबून मान वाकडी करणं. हद्द सांगताना सलग, एकसारखा, सेकंदभराचा खडखडाट. दुसरा आवाज फक्त पत्र्यावर आणि पश्चिम भिंतीच्या वरून तिसऱ्या फळीवर. ती फळी बोटाच्या पेराने ठोकून पाहिली तर ढोलासारखी वाजते. दोन स्क्रू निघालेले आहेत.

१३ जानेवारी : सामान

शहरात गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा) सुरू. परांचीवाले आणि वेल्डर १७ पर्यंत येणार नाहीत. तोवर यादी:

बोरॅक्स १.२ किलो, बोरिक ॲसिड ०.८ किलो. पक्ष्यांची जाळी, डाळिंब-द्राक्षाच्या बागेवर टाकतात तीच, एचडीपीई प्लॅस्टिकची, उन्हाला टिकणारी, डोळा १५ मिमी. ११ × ४ मीटरचा तुकडा. तीन मिमीची वायर रोप ३० मीटर, टर्नबकल (रोप ताणायचे पेच) ४, क्लॅम्प १६. लोखंडी पट्टीचे २५ × ३ मिमीचे कंस १८. स्टेनलेस आकडे ३१. फायबर सिमेंट बोर्ड १० मिमी, झालरीसाठी. दोन भागांचं इपॉक्सी. रिपांसाठी सागाच्या गाभ्याचं लाकूड.

जाळीचा डोळा २० मिमीपेक्षा मोठा नको. कबुतरांसाठी गॅलरीला लावतात ती ५० मिमीची जाळी इथे निरुपयोगी. त्यातून मराठा सुतार आरपार जातो, नाहीतर मान अडकवून घेतो.

१८ जानेवारी : पश्चिम भिंत उघडली

चौथ्या, नवव्या आणि दहाव्या रिपेवरच्या फळ्या काढल्या. प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूने क्रमांक घातला, नाहीतर खाचा परत जुळत नाहीत.

कारण समोर आलं. फळ्या पाइनच्या, पण मागच्या रिपा स्वस्तातल्या जंगली लाकडाच्या, आणि बऱ्याच रिपांना एका अंगाला फिकट पांढुरकं, गाभ्याबाहेरचं लाकूड. पीठ करणारा भुंगेरा याच भागाला लागतो, कारण त्यात पिठूळ अंश असतो. रिप हातात घेऊन दगडावर आपटली तर मैद्यासारखं मऊ पीठ भुरभुरलं, बोटांत घासून पाहिलं तर कणच लागत नाही. नखाने वरचा पापुद्रा खरवडला की आत सगळी चाळण. पाइनला हा किडा खात नाही, पण पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडताना रिपेवरची फळी भेदून जातो. भिंतीवर दिसलेली दीड मिमीची छिद्रं ती हीच. सुतार त्या छिद्रांवरून माग काढत आत पोचला.

इथे नुसती जाळी लावली असती तर पक्षी थांबला असता आणि रिपा आतून पोखरत राहिल्या असत्या. दोन-तीन वर्षांत फळ्या स्क्रूसकट सुटल्या असत्या. ज्या घराला सुतार ओळीने टोचतो, त्या घरात आधी ओळीमागचं लाकूड उघडून पाहावं.

पीठ ताजं की जुनं हेही पाहिलं. ताजं फिकट, सुटं, उताराने वाहतं. जुनं पिवळट आणि गठ्ठा झालेलं. ठोकाठोकीनेही जुनं पीठ बाहेर पडतं, त्यामुळे खाली पीठ दिसलं म्हणजे कीड जिवंतच आहे असं नाही. इथे दोन्ही होतं.

१९ आणि २० जानेवारी : रिपा

उरलेल्या फळ्याही काढल्या, एकूण १६ रिपा तपासल्या. पाच बदलल्या (४, ९, १० आणि शेजारच्या ५, ११). काढलेल्या रिपा त्याच दिवशी जाळल्या. जळणाच्या ढिगात ठेवल्या असत्या तर भुंगेरे उन्हाळ्यात परत घरातच आले असते.

बाकी ११ रिपांना बोरॉनचं द्रावण. प्रमाण: २० लिटर पाण्याला १.२ किलो बोरॅक्स आणि ०.८ किलो बोरिक ॲसिड, म्हणजे १० टक्के. थंड पाण्यात हे नीट विरघळत नाही, तळाशी साखरेसारखं बसतं. पाच लिटर पाणी चांगलं कडक तापवून त्यात आधी बोरॅक्स, मग बोरिक ॲसिड, काठीने ढवळून स्वच्छ झालं की उरलेलं पाणी. ब्रशने दोन हात, मध्ये तीन तास. पहिला हात लाकूड अक्षरशः पितं. १४ लिटर लागलं. हातमोजे घालूनच.

हे द्रावण उघड्या लाकडातच मुरतं. पॉलिश किंवा रंग असेल तर वरून ओघळून जातं, म्हणून फळ्यांच्या फक्त कच्च्या पाठीला लावलं. पावसाने ते धुऊनही जातं, तेव्हा वर रंगाचं आवरण हवंच.

२१ जानेवारी : फळ्या परत

१२ मिमीपर्यंतचे टोचे इपॉक्सीने भरले. बाजारात मिळणारी पाण्याची लाकूड-लांबी (पुट्टी) आधी एका तुकड्यावर लावून उन्हात ठेवली होती. आकसली आणि कडेने सुटली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाइनची फळी सप्टेंबरच्या तुलनेत बरीच कोरडी पडते, पावसात परत फुगते. त्या हालचालीत पाण्याची लांबी टिकत नाही. मोठ्या भोकांना चौकोनी खाच काढून त्याच लाकडाचं ठिगळ, रेषा जुळवून.

वाजणाऱ्या तिसऱ्या फळीमागे दोन जादा आडव्या पट्ट्या टाकल्या आणि प्रत्येक रिपेवर दोन स्क्रू. आता ठोकलं तर बद आवाज. आवाज मेला की पक्ष्याचा तिथला अर्धा हेतू संपतो. पोकळीत थर्माकोल भरायचा विचार घरमालकांनी मांडला होता, तो टाळला: थर्माकोलात मुंग्या घर करतात, आणि मुंग्या हे सुताराचं आवडतं खाणं.

२४ जानेवारी : झालर-पट्टी

काळ्या भुंग्यांवर बोरॉन चालत नाही. हा कीटक लाकूड खात नाही, नुसतं कोरून बाहेर टाकतो. विष पोटात जाईल तर ना. विषारी फवारा मारायचा नाही असंही ठरवलं: आजूबाजूला तूर आणि शेवगा आहे, या फुलांना हा भुंगा फळवतो, आणि विष खाल्लेली अळी सुताराच्या पोटात जाते.

पट्टी अखंड उतरवली आणि कुंपणाच्या कोपऱ्यात, शेवग्याजवळ, छताखाली आडवी टांगली. आत अळ्या असतील त्या वाढून निघतील. शेजारी घायपाताचे वाळके दांडे आणि बांबूच्या कांड्या बांधून ठेवल्या. भुंग्याला त्या पाइनपेक्षा जास्त आवडतात.

नवी झालर फायबर सिमेंटची. कापताना बोर्ड ओला ठेवला, तोंडाला मास्क, कारण त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. भोकं आधी पाडून घेतली, कडेपासून किमान २० मिमी आत. पहिल्या तुकड्याला कडेजवळ स्क्रू मारला आणि कोपरा उडाला.

२८ जानेवारी : त्रिकोणातलं भोक

आदल्या संध्याकाळी, आधी पर्याय उभा केला. ढिगातली तीच वाळकी कडुलिंबाची फांदी, दोन मीटरचा तुकडा, तळाशी १८० मिमी जाड. ती कडुलिंबाच्याच खोडाला, जमिनीपासून चार मीटरवर, उभी बांधली. जुन्या भोकाचं तोंड किंचित खाली झुकलेलं आणि पश्चिमेच्या पावसाकडे पाठ. जीआय तारेखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे जिवंत खोडाला काच बसत नाही.

सकाळी मादी बाहेर पडल्यावर अर्धा तास थांबलो. मग मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा भोकातून आत घातला: भुसा, दोन पिसं, अंडी नाहीत. आत स्टेनलेसची बारीक जाळी, त्यावर ठिगळ, वर रंग. सकाळी साडेनऊपर्यंत काम पूर्ण. पक्षी आत कोंडला जाण्याची शक्यता याच टप्प्यावर असते. कॅमेरा नसेल तर संध्याकाळी जाताना आणि सकाळी निघताना पक्षी मोजावा, आणि जोडी दिसली तर भोक सोडून द्यावं.

त्या संध्याकाळी मादी त्रिकोणाजवळ तीनदा आली, ठिगळावर चोच मारून पाहिली. काळोख पडताना डाळिंबाच्या बागेकडे गेली.

२ फेब्रुवारी : चमकी पट्ट्या

ज्वारीच्या रानात पाखरं उडवायला बांधतात ती लाल-चंदेरी पट्टी. मीटरभर लांबीचे १४ तुकडे, वळचणीपासून मोकळे लोंबते, भिंतीपासून एक वीत पुढे. भिंतीला चिकटवलेली पट्टी हलत नाही, आणि न हलणाऱ्या पट्टीला कुठलंच पाखरू घाबरत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पाहणीत प्लॅस्टिकचं घुबड, डोळ्यांच्या चकत्या, आवाजाची यंत्रं, लाकडी पेट्या असे उपाय तुलनेने तपासले गेले. थोडाफार सातत्याने उपयोग झाला तो या लोंबत्या पट्ट्यांचा. मालकांनी आणलेलं प्लॅस्टिकचं घुबड म्हणून लावलं नाही.

११ फेब्रुवारी

पहिले पाच दिवस भिंत शांत. सहाव्या दिवशी, वारा पडलेल्या सकाळी, नर पश्चिम भिंतीवर. तीन नवे टोचे, तिन्ही जुन्या ठिगळांवर. कीड गेली तरी सवय शिल्लक आहे; त्याला या ओळीत खाणं मिळालं होतं, तो ते तपासत राहणार. पट्टीवर भागणार नाही. आढ्याच्या पत्र्याखाली रबराची पट्टी सरकवली, तिथला खडखडाट त्याच दिवशी थांबला.

१६ फेब्रुवारी : जाळी

वळचणीला आणि तळाला नऊ-नऊ कंस, दर ११२५ मिमीवर. वायर रोप वर, खाली आणि दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत टर्नबकल. वर दर ३०० मिमीवर आकडा. जाळी आधी मधोमध अडकवायची, मग दोन्हीकडे सरकत जायचं. एका टोकापासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला तिरकी झोळ येते.

कंस ७५ मिमीचे केले, साधारण सांगितलं जातं तेवढे. ते कमी पडले.

१९ फेब्रुवारी : दोन चुका

पहिली: मध्यभागी जाळी आत झुकून भिंतीपासून ४० मिमीवर आली होती. नराने जाळीला लटकून, डोळ्यातून चोच घालून टोचा मारला. ७५ मिमी हे अंतर जाळी कुठेही झुकत नाही असं धरून आहे. ९ मीटरच्या भिंतीला कंस १०० मिमीचे हवेत. वेल्डरकडून २५ मिमीचे तुकडे जोडून घेतले, आणि मध्यात दोन टेकू बसवले.

दुसरी: उत्तर कडेला जाळी आणि भिंत यांत ४० मिमीची फट राहिली. त्यातून चिमणी आत गेली आणि बाहेर येईना. तळाची जाळी सोडून तिला बाहेर काढलं. आता दोन्ही कडा भिंतीपर्यंत वळवून लाकडी पट्टीखाली दाबल्या आहेत. कडा उघडी ठेवून नुसता पडदा लोंबवणं पक्ष्यांसाठी सापळा होतो.

चिकट जेल किंवा गोंद लावायचा सल्ला शेजारून आला. तो चालणार नाही: पिसांना चिकटला की पक्षी उडू शकत नाही.

९ मार्च

जाळीवर १७ दिवसांत एकही खूण नाही. कडुलिंबाला बांधलेल्या फांदीवर, जुन्या भोकाच्या वीतभर वर, नवं भोक. खाली ताजा, जाडसर भुसा. नर-मादी आळीपाळीने आत. जुनं तयार भोक त्यांनी वापरलं नाही, बाजूलाच नवं कोरलं. झाडाखाली जाणं बंद केलं, मालकांना पाण्याची मोटर सुरू करायला दुसऱ्या बाजूने जायला सांगितलं.

२० एप्रिल : उन्हाची तपासणी

जाळी शाबूत, पण ती बांधायला तात्पुरत्या लावलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बोटाने दाबल्या की कडकन तुटतात. पश्चिमेचं ऊन त्यांना दोन महिन्यांत खातं. सगळ्या काढून जीआय तार पिळली. चमकी पट्ट्यांचा रंग उडून त्या नुसत्या पारदर्शक राहिल्या आहेत, काढल्या. फळ्यांच्या खाचा २ मिमीपर्यंत उघडल्या आहेत, तितक्या चालतील, पावसात मिटतील. रंगाचा दुसरा हात आत्ता देऊ नये, फुगताना सोलून निघेल.

कडुलिंबावर पिल्लांचा आवाज नाही, जोडी दिसत नाही. भोकाखाली विष्ठेचे वाळके डाग आहेत, म्हणजे पिल्लं उडून गेली असावीत.

१५ जून

भुंगेरे बाहेर पडायचा काळ उन्हाळ्याचा, म्हणून फळ्यांवर रिपांच्या ओळीने काळा कागद चिकटवून ठेवला होता. अकरा रिपांपैकी दहांखाली काही नाही. सातव्या रिपेखाली दोन नवी छिद्रं, थोडं फिकट पीठ. तिथल्या तीन फळ्या काढून ती रिपही बदलली. आता जंगली लाकडाच्या दहा रिपा शिल्लक.

कुंपणावरची झालर-पट्टी पोकळ झाली आहे, भुंगे घायपाताच्या दांड्यांत गेले. जाळी ऑक्टोबरमध्ये उतरवून पाहायची, डिसेंबरच्या आधी परत लावायची. कडुलिंबाची दुसरी एक फांदी वाळते आहे. ती छाटायची नाही. खालून टेकू द्यायचा.